पडद्यावरचं तळं आणि नाथसागरातली नवरी

आजचा भाग ऐकायच्या आधी एक छोटं काम. इन्स्टा उघडा, "प्री-वेडिंग" असं टाइप करा आणि पहिली दहा रील्स बघा. निम्म्यांत तरी पाणी सापडेल. कुठे तलावाच्या काठावर लांबलचक गाऊनचा घोळ पसरलाय, कुठे धबधब्याखाली दोघं भिजताहेत, कुठे होडीत बसून नवरी पाण्यात बोटं बुडवतेय. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलेलं असतंच, "आमच्या काळी हे असलं काही नव्हतं." आजचा भाग त्या कमेंटबद्दल आहे. कारण ती कमेंट अर्धी खरी आहे आणि अर्धी साफ खोटी.

मी बिडकीनचा. संभाजीनगरवरून पैठणला जाताना चितेगाव लागतं, मग आमचं बिडकीन, मग ढोरकीन आणि पुढे पैठण. आता लोक बिडकीनला ऑरिकमुळे ओळखतात, इंडस्ट्रीमुळे, जमिनींच्या भावामुळे. पण लग्नसराईत या रोडवर पहाटे आणि दुपारी चारनंतर एक वेगळीच ट्रॅफिक असते. मागच्या सीटवर गाऊनचा ढीग, डिकीत लाइट आणि स्मोक बॉम्ब, पुढे फोटोग्राफर. सगळे निघालेले असतात नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्याकडे.

त्याला भूगोलाचं साधं कारण आहे. गोदावरी पूर्वेकडे वाहते. धरण पैठणला आहे आणि साठलेलं पाणी त्याच्या पश्चिमेला पसरलंय. म्हणजे धरणाजवळ उभं राहून पाण्याकडे तोंड केलं, की सूर्य बरोबर पाण्यात बुडतो. डोंगर मध्ये नाही, बिल्डिंग मध्ये नाही. ज्याला फोटोवाले "गोल्डन अवर" म्हणतात तो इथे शेवटच्या मिनिटापर्यंत मिळतो. वर पाणी म्हणजे आडवा पडलेला आरसाच. खालूनही प्रकाश येतो, चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ होतात.

पण नवरीला पाण्यापाशी उभं करायची कल्पना फोटोवाल्यांच्या डोक्यात आली कुठून? माझं म्हणणं असं आहे, की ती इन्स्टाच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीपासून आहे. नवीन काय, तर पाणी. आधी ते कापडावर रंगवलेलं होतं, आता खरं आहे. आणि हा फरक जेवढा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

जरा मागे जाऊ. १० फेब्रुवारी १८४० ला लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. तिने पांढरा ड्रेस घातला आणि पांढऱ्या वेडिंग ड्रेसची फॅशन तिथून जगभर पसरली. आज नाथसागरावर भाड्याने आणलेला जो पांढरा गाऊन दिसतो, त्याची खापरपणजी ती. पण गंमत म्हणजे त्या लग्नाचा एकही फोटो नाही. फोटोग्राफी जाहीर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. राणी आणि अल्बर्ट यांचे १८५४ चे फोटो "लग्नाचे" म्हणून नेटवर फिरतात, ते लग्नाचे नाहीत. फॉरवर्ड करू नका.

तेच १८५४ साल आपल्याकडेही महत्त्वाचं. त्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी, स्वतः फोटो काढणारे. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिचंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ काढला. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यामागे फार लवकर पोचला. नवरी मात्र कॅमेऱ्यापुढे यायला वेळ लागला, आणि ती आली तरी स्टुडिओच्या चार भिंतींत आली.

का? याचं उत्तर निम्मं समाजात आहे आणि निम्मं केमिस्ट्रीत. त्या काळात काचेच्या प्लेटवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. हातात मोजकी मिनिटं. बाहेर जाऊन फोटो काढायचा म्हणजे अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी, हमाल असं सगळं लटांबर बरोबर न्यायचं. वर पोझ देणाऱ्याने काही सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. नदीकाठच्या वाऱ्यात साडीचा पदर कुठला थांबतोय? तो फोटोत नुसता धूर दिसणार. म्हणून निसर्गाकडे जायच्या ऐवजी निसर्ग स्टुडिओत आणला गेला, पडद्यावर रंगवून.

इथे मला एका माणसाबद्दल सविस्तर बोलायचंय, कारण तो आपल्या भागाचा आहे आणि थोडा माझ्या जातकुळीचाही. राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्यात. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, इंजिनिअरिंगचं. नोकरी इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात, नकाशे काढण्याची. नोकरी करता करता फोटोग्राफी शिकला आणि शेवटी नोकरीच सोडली. इंजिनिअरिंग करून कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोरांना आज घरचे बोलतात ना, त्यांनी घरात हे नाव सांगून बघावं. पुढे तो हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्यामुळे दीनदयाळच्या स्टुडिओच्या १८९२ च्या अल्बममध्ये वेरूळ आहे, दौलताबाद आहे, आपला बीबी का मकबराही आहे.

पण आजच्या विषयासाठी महत्त्वाचं काम वेगळंच. त्याच १८९२ मध्ये त्याने हैदराबादेत जनाना स्टुडिओ सुरू केला. पडद्यातल्या बायकांसाठी खास. पुरुषांना आत प्रवेश नाही. तिथलं काम केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे. विचार करा, जिचा चेहरा परक्या पुरुषाने बघायचा नाही, तिला स्वतःचा फोटो मात्र हवा आहे. त्यासाठी स्वतंत्र स्टुडिओ उभा राहतो आणि चालतो. "बायकांना फोटोचं वेड आत्ता लागलं" म्हणणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे. इच्छा तेव्हाही होती. फोटो कुणी बघायचा, हे ठरवायचा हक्क तिच्याकडे नव्हता.

आता पडद्यांकडे. स्टुडिओतला तो रंगवलेला पडदा तुम्ही पाहिला असेल. आजोळच्या भिंतीवरच्या फोटोत, मागे कमान, जिना, बाग आणि लांब कुठेतरी तळं. आपल्याकडे या पडद्यांचं दुसरं मोठं घर म्हणजे संगीत नाटक. नाटक कंपन्यांकडे राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा असा सगळा संच असायचा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे भाऊ असे पडदे रंगवण्यासाठी नावाजलेले होते. बाबुराव पुढे सिनेमात गेले. तर नाटकात नायिका रंगवलेल्या उपवनात उभी, स्टुडिओत नवरी रंगवलेल्या तळ्यापाशी उभी. बघणाऱ्याला तो पडदा आहे हे माहीत असायचं आणि त्याची काही हरकतही नसायची.

आणि घराघरात? घराघरात होती राजा रविवर्म्याची लक्ष्मी. १८९४ मध्ये त्याचा छापखाना मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून छापलेले देव भिंतीभिंतीवर पोचले. ती लक्ष्मी आठवा. तळ्यात कमळावर उभी, भरजरी साडी, मागे झाडी, हत्ती. आता माझ्यातला इंजिनिअर विचारतो, साडी ओली कशी नाही? पाण्याच्या मधोमध उभ्या बाईचा एक धागा भिजलेला नाही. देवी आहे, ठीक आहे. पण पाण्यात उभी, दागिन्यांनी सजलेली, कॅमेऱ्याकडे शांत बघणारी स्त्री, ही फ्रेम आपल्या डोळ्यांत तिथून बसली असं मला वाटतं. आजच्या फोटोग्राफरला रविवर्मा माहीत नसेल. त्याच्या आजीच्या देवघरात तो होता.

साडी खरोखर भिजली ती सिनेमात, आणि ती कथा ऐकाच. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, म्हणजे गोदावरीच्या उगमापाशी. आधी फोटोग्राफर, मग छापखाना, मग सिनेमा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती सखींबरोबर जलक्रीडा करते असा प्रसंग आहे. पण सिनेमात काम करायला बायका मिळाल्या नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके आणि सखीही पुरुषच. तर आपल्या पडद्यावर पहिल्यांदा ओल्या साड्यांत पाण्यात खेळले ते मिशा उतरवलेले बाप्ये. पुढचं शतकभर सिनेमाने बाईला पावसात, धबधब्यात, तळ्यात इतकं भिजवलं की मूळ विनोद सगळे विसरले.

आमच्या भागात हे सगळं उशिरा आलं. माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटोच नाही. त्यानंतरच्या पिढीचा एक जोडफोटो असतो, लग्नानंतर पैठणला किंवा शहरात स्टुडिओत जाऊन काढलेला. तो खुर्चीत, ती उभी, मागे बागेचा पडदा. आणि मुलीचा त्याआधीचा एक फोटो असतो, स्थळाला पाठवायचा. एकटीचा, नीट पदर घेतलेला, हसू मोजून. तो फोटो पाकिटातून घरोघर फिरायचा, अनोळखी माणसं तो हातात धरून रंग, उंची, नाक बघायची. नकार आला की फोटो परत यायचा, कधी यायचाही नाही. त्या फोटोत निसर्ग वगैरे काही लागत नव्हता. तो एक प्रकारचा अर्ज होता.

मग आली व्हिडिओ कॅसेट. नव्वदीत ज्यांची लग्नं झाली त्यांच्या घरी ती असेल, बुरशी लागलेली. कॅमेऱ्यावर भलामोठा लाइट, मांडवात घामाघूम नवरा-नवरी. पण खरी जादू मिक्सिंगमध्ये. हळदीतून नवरीचा चेहरा कापून तो स्वित्झर्लंडच्या डोंगरावर, धबधब्यावर, उमलत्या गुलाबात चिकटवलेला. १९८९ मध्ये 'चांदनी' आला होता आणि प्रेम स्वित्झर्लंडमध्ये होतं हे ठरून गेलं होतं. बिडकीनच्या नवरीला तिथे नेणं शक्य नव्हतं, म्हणून स्वित्झर्लंड कॅसेटमध्ये आलं. नीट बघा, हा तोच स्टुडिओतला पडदा आहे. फक्त आता तो हलतो.

मग हा पडदा पडला कधी? माझ्या मते २०१६. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'सैराट' आला. करमाळ्याच्या बाजूची विहीर, वाळलेलं झाड, उसाचं शेत. आपल्याच सारखं कोरडं शिवार मोठ्या पडद्यावर सुंदर दिसलं आणि एकदम सगळ्यांना कळलं, की प्रेम करायला स्वित्झर्लंड लागत नाही, गावची विहीर चालते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि व्हिडिओ बघणं जवळपास फुकट झालं. पाठोपाठ आवाक्यातले डीएसएलआर, मग ड्रोन. दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या प्रत्येक फोटो स्टुडिओच्या बोर्डवर "प्री-वेडिंग" हा शब्द चढला.

लग्नाआधीच फोटो काढायची पद्धत आपली नाही, ती पूर्वेकडून आली. तैवानमध्ये आधीच भाड्याचे गाऊन, मेकअप, दिवसभराचं शूट असा पक्का धंदा होता, मग चीनमध्ये तो प्रचंड वाढला. पाण्यात ड्रेस घालून उतरायचा प्रकार मात्र अमेरिकेतला. लास व्हेगासचा फोटोग्राफर जॉन मायकल कूपर याने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तो सुरू केला असं मानतात. नाव "ट्रॅश द ड्रेस", म्हणजे ड्रेसची वाट लावा. लग्न झालं, पांढरा ड्रेस पुन्हा घालायचा नाही, मग तो घालून समुद्रात जा, चिखलात लोळा. कपाटात जपून ठेवायच्या कपड्याविरुद्ध केलेलं ते एक छोटंसं बंड होतं.

आपल्याकडे हे बंड चालणार कसं? आपली नवरी शालू टाकून देत नाही. तो मुलीच्या लग्नापर्यंत मलमलीत गुंडाळून ठेवते. म्हणून आपण त्यातलं पाणी घेतलं आणि बंड सोडलं. आपला गाऊन भाड्याचा असतो, तो खराब झाला तर डिपॉझिट जातं. आणि पैठणी? इथे मला फार गंमत वाटते. ज्या गावाच्या नावाने ही साडी ओळखली जाते, त्याच गावच्या पाण्यात ती उतरू शकत नाही. खरी पैठणी हातमागावर विणतात, रेशीम आणि जरीत. नक्षीचा एकेक रंग वेगळ्या धाग्याने भरतात, म्हणून पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. असं काम काही महिने चालू शकतं. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिला घरी धुवायचीही भीती, तर धरणात कोण नेणार? त्यामुळे नाथसागराच्या फोटोंत जे मोर भिजलेले दिसतात ते सेमी-पैठणीचे. खरी साडी मांडवात, सेमी साडी पाण्यात. लक्ष्मीची साडी कोरडी ठेवायचं काम रविवर्म्याने रंगाने केलं, आम्ही ते पॉलिस्टरने करतो.

आता ज्या पाण्यात हे सगळं चालतं त्या पाण्याबद्दल. जायकवाडी हे गाव पैठणला नाहीच मुळी. ते बीड जिल्ह्यात. आधी धरण तिथे व्हायचं होतं, जागा बदलून पैठणला आली आणि नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मध्ये १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब, दरवाजे २७, साठा शंभर टीएमसीच्या वर. तलावाला नाव मिळालं संत एकनाथांचं, ज्यांनी १५९९ मध्ये याच गोदावरीत जलसमाधी घेतली. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला. म्हणजे हिवाळ्यात तुम्ही ड्रोन उडवता तेव्हा खाली हजारो किलोमीटरवरून आलेले पाहुणे असतात, आणि त्यांनी शूटला होकार दिलेला नसतो.

या पाण्याखाली शंभरावर गावांच्या जमिनी गेल्या. आमच्या नात्यात एक आत्या आहे, तिचं माहेर त्यातलं. लहानपणीच उठून दुसरीकडे वसलेलं. गेल्या लग्नसराईत घरातल्या मुलीची प्री-वेडिंग रील सगळे टीव्हीवर लावून बघत होते. ड्रोन फुगवट्यावरून फिरतोय, गाणं चाललंय, सगळे "वाव" करताहेत. आत्या म्हणाली, "थांबव जरा." थांबवलं. तिने काठावरचा एक टेकाडाचा उंचवटा बघितला आणि म्हणाली, "याच्या अलीकडं आमचा मळा होता. विहीर होती दगडाची." मग म्हणाली, "लाव पुढं. पोरगी छान दिसतीय." एवढंच. रागही नाही, रडणंही नाही. पण त्यानंतर मला ती रील पहिल्यासारखी बघता आली नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, मोकळ्या झालेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, आणि फार उतरलं की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. २०१६ च्या उन्हाळ्यात तर जिवंत साठा पार संपला होता. तेव्हा भेगाळलेल्या गाळात उभं राहूनही जोडपी फोटो काढत होती, "डेझर्ट थीम" म्हणून.

आता तो फरक, जो मी सुरुवातीला मोठा म्हणालो होतो. पडद्यावरचं पाणी कुणाला बुडवत नाही.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात रॉडनजवळ एक नवरी लग्नाच्या ड्रेसमध्ये नदीकाठी फोटो काढत होती. लग्न आधीच झालं होतं, हा "ट्रॅश द ड्रेस"चा शूट. ड्रेस भिजला, जड झाला, पाय घसरला आणि ती प्रवाहात गेली. वाचवायला गेलेल्यांना ती वर ओढता आली नाही. ९ नोव्हेंबर २०२० ला म्हैसूर जिल्ह्यात तलकाडला कावेरीत एक जोडपं गोल टोपलीसारख्या नावेत पोझ देत होतं. नाव कलंडली, दोघंही गेले. लग्न दोन आठवड्यांवर होतं. मी नावं घेत नाही, त्यांच्या घरच्यांना ती रोज आठवत असतील.

यात फिजिक्स काय आहे ते सांगतो, कारण "ड्रेस जड होतो" हे अर्धंच उत्तर आहे. कापडाने शोषलेलं पाणी पाण्याच्या आत असताना फारसं वजन दाखवत नाही, पाण्यात पाणी तरंगतंच. वजन कळतं ते बाहेर पडताना. दोन किलोचा घेरदार गाऊन काठावर चढताना सहा-आठ किलोचा झालेला असतो, आणि तो पायाभोवती गुंडाळलेला असतो. पण त्याहून वाईट म्हणजे वाहतं पाणी. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालण्याचा वेग. त्या प्रवाहात एक चौरस मीटर कापड छत्रीसारखं फुगलं तर त्यावर साधारण ५०० न्यूटन जोर येतो, म्हणजे ५० किलोचं पोतं तुम्हाला मागे ओढतंय. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, २०० किलो. आणि लांब शेपटीच्या गाऊनमध्ये एक नाही, अनेक चौरस मीटर कापड असतं. पोहता येणं न येणं हा नंतरचा प्रश्न झाला.

नाथसागराचं पाणी वरून संथ दिसतं. पण काठाला गाळ आहे, वरून कडक दिसतो आणि आत गुडघ्यापर्यंत पाय जातो. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात शूट करत असाल तर गोष्टच वेगळी. दरवाजे उघडले की पात्र भरायला वेळ लागत नाही. २००६ मध्ये विसर्गाचं पाणी पैठण शहरात घुसलं होतं, ते आमच्याकडच्या मोठ्यांना अजून तारखेसकट आठवतं. भोंगा वाजला की पोझ पूर्ण करायची नसते, गाऊन उचलायचा आणि वर यायचं.

या सगळ्यावर उत्तर म्हणून "बंदच करा" असं म्हणणारे बरेच आहेत. वेगवेगळ्या समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंग नको असे ठराव झालेत. खर्चाबद्दलचा त्यांचा मुद्दा मला पटतो. पुष्कळ ठिकाणी बिल मुलीच्या बापाच्या खिशातून जातं आणि ते हुंड्याच्या यादीतली नवीन ओळ होऊन बसतं. त्यावर बोललंच पाहिजे. पण ठरावांत बहुतेक वेळा खर्चाची एक ओळ असते आणि "संस्कृती"ची दहा. आणि त्या दहा ओळींचा रोख मुलीकडे असतो, तिचे कपडे, तिचं जवळ बसणं. मी आमच्या भागातल्या मुलींना विचारलं, शूटमध्ये आवडलं काय? गाऊन, मेकअप हे आलंच. पण एकीने सांगितलं, "लग्नाआधी त्याच्याशी सलग आठ तास बोलता आलं ते त्याच दिवशी." घरच्यांनी एरवी पाठवलं नसतं. फोटोग्राफर बरोबर होता म्हणून पाठवलं. पाकिटातून फिरणारा एकटीचा फोटो आणि ही रील शेजारी ठेवली तर मला रीलच बरी वाटते. निदान हिच्यात ती कुणाला पसंत पडायची वाट बघत उभी नाही.

शेवटी कामाचं. पैठण रोडवर माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे. नवरीला तो पाण्यात घोट्याच्या वर नेत नाही, कितीही हट्ट केला तरी. आधी स्वतः काठीने गाळ तपासतो, पाण्याला वेग असेल तर लोकेशनच बदलतो, आणि गाऊनची शेपटी सुटी, एका बटणावर निघणारी असेल तरच घेतो. मग तो काय करतो, तर कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवतो. वाइड लेन्स, तीन-चार इंचांवरून. तेवढ्या खालून बघितलं की समोरचं वीतभर पाणी क्षितिजापर्यंत पसरतं, काठ गायब होतो आणि नवरी अथांग सागरात उभी दिसते. मागच्या महिन्यात त्याने मला असा एक फोटो दाखवला. मी विचारलं, "एवढ्या आत कशी नेली रे तिला?" तो हसला आणि पुढचा फोटो दाखवला, त्याच्या असिस्टंटने बाजूने काढलेला. नवरी काठावरच्या डबक्यात उभी, नऊवारीचा काठ चार बोटं ओला, आणि मागे तिची आई हातात चपला घेऊन.